फवारणीचा मास्क टेबलावर नव्हे, धुऱ्यावर निवडा

पोळा सरला की कपाशी कमरेच्या वर जाते आणि गावोगाव फवाऱ्याचे पंप पाठीवर चढतात. सकाळी निघालेला मजूर दुपारी घरी येतो तेव्हा अंगाला औषधाचा वास येत असतो, डोळे लाल झालेले असतात. तोंडाला काय बांधले होते, असे विचारले तर तो खांद्यावरचा दुपट्टा दाखवतो. मग फुकट मिळालेला मास्क कुठे गेला? "भाऊ, तो बांधला का जीव गुदमरते. दोन पंप नाही होत तं काढून फेका लागते." हे उत्तर आळशी माणसाचे म्हणून सोडून देऊ नका. ज्याने मास्क दिवसभर वापरून पाहिला त्याचे ते मत आहे, आणि मास्क वाटणाऱ्यांनी ते कधी नीट ऐकून घेतलेले नाही.

२०१७ सालचा यवतमाळचा हंगाम आपण विसरलो नसू. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधे एकत्र करून बॅटरीच्या पंपाने फवारा मारला जात होता. फवारा पिकावर जितका पडला तितकाच माणसाच्या तोंडावर आला. त्या एका जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. सरकारने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या घरच्यांना दोन-दोन लाख रुपये जाहीर केले. त्यानंतर गावोगाव हातमोजे, चष्मा आणि पातळ मास्क यांची किट वाटली गेली. पण कोणत्या कामाला कोणता मास्क, हा साधा प्रश्न तेव्हाही मागेच राहिला.

तो प्रश्न आता विचारू. कापडाचा किंवा दवाखान्यातला निळा मास्क औषधाच्या बारीक तुषारांना अडवत नाही. एन-९५ मास्क धूळ आणि बारीक कण अडवतो, पण औषधाची वाफ त्यातून सरळ आत जाते. वाफ धरायला कोळशाची गाळणी असलेला डबा लागतो. आता असा डबा लावलेला रबरी मास्क घ्या. तो काम करतो, पण हवा ओढायची ती आपल्याच छातीने. पाठीवर सोळा लिटरचा पंप, पायाखाली चिखल, वरून भादव्याचे ऊन, आणि प्रत्येक श्वास गाळणीतून खेचायचा. शिवाय हा मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोग. दाढीचे खुंट असले की कडेने हवा आत शिरते. आता आपला मजूर काही रोज दाढी करून वावरात जात नाही.

या अडचणीवर उपाय निघून बरीच वर्षे झाली. इंग्रजीत त्याला पॉवर्ड एअर प्युरिफायिंग रेस्पिरेटर म्हणतात. आपण पंख्याचा मास्क म्हणू. कमरेला एक लहान पंखा आणि बॅटरी असते. पंखा बाहेरची हवा गाळणीतून ओढतो आणि नळीने तोंडाकडे ढकलतो. माणसाला ओढावे लागत नाही, चेहऱ्यावर वारा लागतो, घाम कमी येतो. रंगकाम, औषध कारखाने, वेल्डिंग अशा ठिकाणी तो वापरात आहे.

पण पंख्याचा मास्कही एका जातीचा नसतो, आणि खरी गफलत इथेच होते. एक प्रकार चेहऱ्याला घट्ट बसणारा. दुसरा सैल, डोक्यावरून घ्यायच्या टोपासारखा, पुढे पारदर्शक काच आणि खाली मानेवर येणारी झालर. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याच्या कोष्टकात अर्ध्या चेहऱ्याच्या साध्या मास्कला १० गुण आहेत. म्हणजे मास्क नीट बसला तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहापट स्वच्छ धरायची. सैल पंख्याच्या टोपाला किमान २५, आणि पूर्ण चेहऱ्याच्या घट्ट पंख्याच्या मास्कला १०००. हे आकडे वाचून कोणीही म्हणेल, हजारवालाच घ्या! पण तो घट्ट आहे, दाढी चालत नाही, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बसतो का ते तपासावे लागते. उन्हात मजुराने तो तासाभरात काढून ठेवला तर हजार गुण बांधावरच राहिले. २५ गुणांचा टोप दिवसभर डोक्यावर राहिला तर तो त्याच्यापेक्षा भारी.

म्हणून उंच कपाशीत फवारा मारणाऱ्यासाठी सैल टोप योग्य, असे माझे मत आहे. तो डोळे, चेहरा आणि मान एकदम झाकतो. गाळणी मात्र जोड हवी, कण अडवणारी आणि वाफ धरणारी, दोन्ही. पंखा पाठीमागे असून चालणार नाही, तिथे पंप असतो. तो कमरेच्या बाजूला किंवा पुढे बसला पाहिजे. ओल्या पानांचे थेंब गाळणीत जाऊ नयेत म्हणून तिच्या तोंडाला आडोसा हवा. गाळणी भिजली की हवा कमी पडते. अमेरिकी चाचणीत सैल टोपाला मिनिटाला किमान १७० लिटर हवा लागते. ती नव्या बॅटरीवर आहे की दुपारी दोन वाजता उतरलेल्या बॅटरीवरही आहे, हे दुकानदाराला विचारा. पंखा थांबला तर सैल टोप काहीच राखत नाही, उलट आतली हवा कोंदते. हवा कमी झाली की वाजणारी घंटी त्यात पाहिजेच, आणि ती वाजली की वावराबाहेर यायचे, हे मजुराला आधी सांगायला हवे.

एक गोष्ट मात्र इमानाने सांगितली पाहिजे. फवारणीत बरेचसे औषध श्वासापेक्षा कातडीतून अंगात जाते. डोक्यावर भारी टोप आणि अंगात भिजलेली बनियन, पाय उघडे, असे असेल तर टोपाचा उपयोग नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी मोजे, वाऱ्याची दिशा पाहून चालणे आणि काम संपल्यावर साबणाने अंघोळ हे आधी. लाल त्रिकोणाच्या डब्याला हात लावण्याआधी कमी विषारी औषधाने काम भागते का ते पाहणे त्याच्याही आधी.

शिवाय एका कामाला चांगला तो सगळ्या कामांना चांगला नसतो. खडी क्रशरवर बारीक दगडी भुकटी उडते. ती छातीत बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. तिथे वाफेची गाळणी कशाला? तिथे कण अडवणारी उत्तम गाळणी आणि वरून दगड लागला तर डोके वाचवणारे हेल्मेट हवे, आणि सगळ्यात आधी पाणी मारून धूळ बसवायला हवी. विहीर, गोबर गॅसची टाकी, संडासाची टाकी यांत तर पंख्याचा मास्क घालून उतरणे म्हणजे मरण. पंखा हवा गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात मांजर काढायला शेणाच्या जुन्या विहिरीत एकामागोमाग उतरलेले पाच जण गेले. अशा जागी बाहेरून हवा पुरवणारे किंवा पाठीवर हवेची टाकी असलेले साधनच चालते, आणि तेही शिकलेल्या माणसाच्या अंगावर.

आता पैशाचे बोलू. पंख्याचा मास्क स्वस्त नाही, चांगला संच दहा हजारांच्या पटीत जातो. दोन एकरवाल्याने तो घ्यावा असे मी म्हणणार नाही. पण हंगामभर रोज दुसऱ्याच्या वावरात पंपामागे पैसे घेऊन फवारा मारणारे गावात किती? बोटावर मोजण्याइतके. विष सगळ्यात जास्त तेच खातात, आणि त्यांच्याकडेच सगळ्यात कमी साधने असतात. गावच्या अवजारे बँकेत ट्रॅक्टर, रोटाव्हेटर भाड्याने मिळतो, तसे दोन-तीन टोप ठेवायला काय हरकत आहे? भाडे मात्र वावराच्या मालकाने द्यावे, मजुराच्या रोजातून कापू नये. एका मृत्यूमागे जे दोन लाख दिले गेले, त्यात असे काही संच आले असते.

कायद्याचीही आडकाठी नाही. कीटकनाशकांचे १९७१ चे नियम वाचा. औषध हाताळणाऱ्याला योग्य कपडे आणि श्वासासाठी रासायनिक गाळणीचा मास्क किंवा तसेच साधन असावे, असे त्यात लिहिलेले आहे. दुपट्ट्याचे नाव त्या यादीत नाही.

म्हणून जिल्हा परिषदेला आणि कृषी खात्याला एकच विनंती. पुढच्या वेळी मास्कची खरेदी करताना सगळ्यात कमी भावाची निविदा पाहून सही ठोकू नका. तीन-चार नमुने मागवा. फवारा मारणारे चार मजूर बोलवा, त्यांना त्या दिवसाचा रोज द्या आणि पंपात साधे पाणी भरून दुपारभर कपाशीत फिरू द्या. कोणाचा पट्टा काचतो, कोणाच्या काचेवर वाफ धरते, कोणाचा पंखा तीन वाजता दमतो, ते धुऱ्यावर उभे राहून पाहा. सुटी गाळणी आणि बॅटरी तालुक्याच्या ठिकाणी मिळते का, तेही विचारा. नाहीतर पहिल्याच हंगामानंतर टोप खुंटीला आणि दुपट्टा पुन्हा तोंडाला. आणि संध्याकाळी त्या चौघांनी जो टोप आपणहून डोक्यावर ठेवला असेल, तोच घ्या.