पपई तोडावी की वाचवावी?



आमच्या वस्तीत मोरीच्या पाण्यावर वाढलेली एक पपई यंदा पांढरी पडली. पानांखाली आणि फळांवर कापसासारखे पुंजके, खोडावर मुंग्यांची रांग. कोणी म्हणाले, नजर लागली. कोणी कोयताच आणला. झाड ज्यांचे, त्या मावशी आडव्या आल्या. त्या पपया विकून त्यांच्या नातवाच्या वह्या येतात.

नजर वगैरे काही नाही. या किडीला पिठ्या ढेकूण म्हणतात. पपईवरचा हा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचा. आपल्या देशात तो प्रथम २००८ साली तामिळनाडूत कोइमतूर भागात आढळला आणि पुढे महाराष्ट्रातही आला. तो झाडाचा रस शोषतो. अंगावर मेणचट पूड असल्याने औषध त्याला नीट लागत नाही. शेतकऱ्यांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या, पैसा गेला, कीड राहिली. तुतीवर विष मारावे तर तोच पाला खाणारे रेशीमकिडे मरतात. शेवटी कित्येकांनी पपईच्या व तुतीच्या बागा उपटल्या. बाग गेली की मजुराची रोजीही जाते.

मग शास्त्रज्ञांनी कारणाकडे पाहिले. कीड इथे आली, पण तिचे शत्रू मायदेशीच राहिले होते. २०१० साली बंगळूरच्या कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून चिमुकल्या गांधीलमाश्या आणल्या, तपासल्या आणि सोडल्या. त्या माणसाला चावत नाहीत. पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडे घालतात आणि त्यांची अळी त्याला आतून खाते. जिथे त्या सोडल्या, तिथे काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. बागा उभ्या राहिल्या.

म्हणजे झाड कधीच तोडू नये काय? तसेही नाही. १९९८ साली अमेरिकेत शिकागो शहरात चीनमधून लाकडी खोक्यांतून आलेला लांब मिशांचा भुंगा सापडला. त्याची अळी खोडाच्या आत पोखरते. कीड थोड्याच भागात होती, म्हणून तिथे दीड हजारांहून अधिक झाडे तोडली आणि आसपासच्या निरोगी झाडांना औषध दिले. २००८ साली तो भुंगा शहरातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. तिथे तोडणे गरजेचे होते.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेविषयी हाच भेद सांगितला आहे. मारण्याची इच्छा वेगळी, गरज वेगळी. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. तत्त्व म्हटले की विचार करावाच लागतो. कोयता उचलण्याआधी विचारावे: कीड कोणती? ती कुठे लपते? किती पसरली? दुसरा उपाय आहे का?

आपल्या दारच्या पपईसाठी एवढे करा. पुंजके लागलेली पाने व फळे काढून जाळा, नाल्यात किंवा रस्त्यावर टाकू नका. उरलेले झाड पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, साबणाचे पातळ पाणी मारा, चार-आठ दिवसांनी पुन्हा मारा. मुंग्या हटवा, कारण गोड चिकट्यासाठी त्या किडीची राखण करतात. जहाल विष मारू नका, त्याने आपल्या मित्रमाश्याही मरतात. शेंडाच मेला असेल तर मात्र झाड तोडून जाळा, म्हणजे शेजारची वाचतील.

मावशींच्या झाडाची चार पाने आम्ही काढली आणि झाड धुतले. कोयता घेऊन आलेला पोरगाच आता पाण्याची बादली आणतो. शेंड्याला नवी पालवी आली आहे. फळ धरेल की नाही, ते अजून दिसायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!