बागेला सल्लागार चालतो, मग मनाला का नाही?

आज छाटणी नाही, डाऊनी नाही. विषय वेगळा आहे, पण आपल्या शिवारातलाच.

निफाड-दिंडोरी पट्ट्यात सल्लागाराशिवाय द्राक्षबाग करणारा शेतकरी शोधावा लागेल. फी ठरवून आपण त्याला प्लॉटवर बोलावतो, पान-देठाचा रिपोर्ट दाखवतो, त्याच्या शेड्यूलप्रमाणे फवारतो. याला बाग जमत नाही म्हणून माणूस बोलावला, असं कोणी म्हणत नाही. पण तोच शेतकरी झोप उडाली म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला, की पारावर लगेच चर्चा, 'डोक्यावर परिणाम झाला'. मला हे पटत नाही.

२६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट आठवा. त्यानंतर बारा दिवसांत, ८ डिसेंबरला, कांदा निर्यातबंदी आली. द्राक्षवाला अन् कांदावाला दोघंही आडवे झाले. नुकसानीचे पंचनामे झाले, पण घरातल्या कर्त्याला झोप लागते का, हा रकाना त्या कागदात नसतो. सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी. नाशिक त्यात नव्हतं. बागायती जिल्हा म्हटलं की सगळ्यांना आपण सुखीच वाटतो.

काही जण म्हणतात, समुपदेशनाने कर्ज फिटतं का, कांद्याला भाव मिळतो का? नाही मिळत, खरं आहे. पण महिनाभर न झोपलेला माणूस सावकाराच्या कागदावर सही करतो, रानाचा तुकडा घाईत विकून टाकतो, पोरांवर हात उचलतो. कर्जाचं बँकेत बोलायचं, पण बोलायला डोकं जागेवर पाहिजे ना.

मग जायचं कधी? दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवण जात नाही, मळ्यात पाय ठेवावासा वाटत नाही, रोज संध्याकाळी प्यावीच लागते, असं असेल तर वाट बघू नका. आणि 'आपण नसलेलंच बरं' असा विचार येत असेल तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा, दवाखाना गाठा. फवारणीच्या औषधांच्या खोलीची चावी काही दिवस दुसऱ्याकडे द्या. यात कमीपणा काही नाही.

माणूस निवडताना मात्र बागेइतकीच चौकशी करा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमडी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर, तो गोळ्या देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतो, त्याची भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी विचारा. समुपदेशकाची पाटी कोणीही लावतो, त्यामुळे शिक्षण काय, कुठे काम केलं, हे तोंडावर विचारायचं. 'एका बैठकीत बरं करतो' म्हणणारा आणि 'एका फवारणीत डाऊनी संपवतो' म्हणणारा, दोघांनाही दुरून नमस्कार. गोळ्या सुरू झाल्या तरी गुण दिसायला दोन-चार आठवडे लागतात, मनाने बंद करायच्या नाहीत.

आपलं जगणं त्याला कळतं का, हेही बघा. आमच्या गटातल्या एकाला ऐन ऑक्टोबर छाटणीत सल्ला मिळाला, 'पंधरा दिवस कामातून सुट्टी घ्या'. बिचारा हसत हसत परत आला! पण त्याने नाद सोडला नाही, दुसऱ्याकडे गेला. त्या बाईंनी आधी विचारलं, छाटणी केव्हा उरकते? दोन-तीन भेटींत मन मोकळं होत नसेल तर माणूस बदला. आपण सल्लागार बदलतोच की.

गावात कळेल ही भीती मला समजते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तालुक्यात नको वाटत असेल तर नाशिकचं जिल्हा रुग्णालय आहे, एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येता येतं.

कृषी सहायक आणि सल्लागार मित्रांनो, प्लॉटवर तुमच्याइतकं कोणी येत नाही. वेलींचे डोळे मोजून झाले की एकदा विचारा, 'भाऊ, झोप लागते का?' उत्तर यायला वेळ लागला तर थांबा जरा.

आणि कुठून सुरू करावं कळत नसेल तर १४४१६, टेली-मानस. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. बांधावर बसूनही लागतो फोन.