पेटी, ग्रंथ की पुस्तिका?

दशावताराच्या नटाच्या हाती लिखित संहिता नसते. त्या रात्रीचे आख्यान कोणते, सोंग कोणाचे आणि प्रवेशांचा क्रम कसा, एवढे ठरले की संवाद तो उभ्या उभ्या रचतो. रत्नागिरीकडील नमन-खेळ्यांतही गवळणीतल्या मावशीचे बरेचसे बोलणे त्या गावचे आणि त्या रात्रीचे असते. कथेचे जग सर्वांना ठाऊक असल्यामुळेच हे शक्य होते.

अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, त्यामागील तत्त्व याहून फार निराळे नाही. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि जे बोलण्याने ठरत नाही ते फाशांवर सोपवतात. फरक एवढाच की त्यांचे जग कल्पित असते. म्हणून त्या जगातील देश, वाटा, बंदरे, राजे आणि वैरे यांची माहिती देणारे स्वतंत्र पुस्तक लागते. मुंबई-पुण्याकडील तरुण हे खेळ इंग्रजी पुस्तकांवरून खेळतात. त्यांना परक्या डोंगरदऱ्यांची नावे तोंडपाठ होतात. जयगडची खाडी कोणत्या नदीची, हे मात्र सांगता येईलच असे नाही. कोकणचे जग अशा खेळासाठी मराठीत उभे करण्याचे कोणी मनावर घेतले, तर लेखनाआधी एक प्रश्न सोडवावा लागेल: हे पुस्तक कोणत्या रूपात छापावे?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तथापि पाश्चात्त्य प्रकाशकांनी त्यावर पुष्कळ पैसा आणि श्रम खर्ची घातले आहेत. मूळचा खेळ म्हणजे एका खोक्यातील तीन लहान पुस्तिका होत्या. 1975 साली आलेले ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ही पेटीतच होते, त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात उर्दूचे प्राध्यापक होते, हे येथील वाचकाला कुतूहलाचे वाटावे. 1980 साली ‘ग्रेहॉक’ या कल्पित जगाचे वर्णन अवघ्या बत्तीस पानांत दोन मोठ्या नकाशांसह निघाले. तीनच वर्षांनी त्याची पेटी झाली. 1987 च्या ‘फरगॉटन रेल्म्स’च्या पेटीत दोन पुस्तके होती, त्यांपैकी एक केवळ सूत्रधारासाठी. ही विभागणी शहाणपणाची होती. कारण गुपित आधीच वाचलेल्या खेळाडूला खेळात काय गोडी उरणार?

सर्वांत बोलका प्रयोग 1989 सालचा. त्या वर्षी अद्भुत प्राण्यांची माहिती कड्यांच्या फाइलीत घालावयाच्या सुट्या पानांवर छापण्यात आली. नवी पाने आणावीत, वर्णानुक्रमाने जागच्या जागी लावावीत आणि पुस्तक वाढत जावे, अशी कल्पना होती. कागदावर ती बिनतोड होती. प्रत्यक्षात एकाच पानाच्या दोन बाजूंना दोन निराळे प्राणी छापले गेले, त्यामुळे नवी पाने येताच क्रम मोडला. वापराने भोकेही फाटत. अखेर 1993 साली सारे पुन्हा एका बांधीव ग्रंथात आणावे लागले.

रत्नागिरीपुरते बोलायचे तर असा एक बांधीव ग्रंथ पूर्वीच झालेला आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, ‘रत्नागिरी व सावंतवाडी’, 1880 साली निघाला. जमीन, पिके, जाती, व्यापार, इतिहास असे करीत तो शेवटी एकेका गावाकडे वळतो, आणि कोणतेही गाव वर्णानुक्रमाने चटकन सापडते. जगवर्णनाचा तो नमुनाच आहे. पण तो कचेरीतील अधिकाऱ्यासाठी लिहिलेला होता. खेळ रंगात आला असता एवढा ग्रंथ कोणी चाळीत बसणार नाही.

तेव्हा कोकणासाठी ना जाडजूड ग्रंथ, ना पेटी. एकेका मुलखाची चाळीस-पन्नास पानांची, तारेने शिवलेली पुस्तिका हेच रूप उचित होय. वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ एकीत, हर्णै-सुवर्णदुर्ग दुसरीत, राजापूर तिसरीत. प्रत्येकीबरोबर घडीचा एक नकाशा असावा आणि सूत्रधाराची गुपिते मधल्या चार सुट्या होणाऱ्या पानांत असावीत. विद्यार्थ्याला एकावेळी एकीचेच पैसे मोजावे लागतील, आणि पहिली फसली तर प्रकाशकही बुडणार नाही.

पेटीला आणखी एक अडचण आहे. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. पटावरील खेळांवर मात्र आहे. फासे घालून पेटी बांधली की पुस्तकाची गणना खेळात होण्याचा संभव. फासे कोणत्याही दुकानात मिळतात. ते विकण्याचा सोस हवा कशाला?

ग्रंथपालांचा आक्षेप अधिक खरा आहे. बारीक पुस्तिकेला पाठ नसते, ती फळीवर दिसत नाही, आणि नकाशा पहिल्याच वाचकाबरोबर जातो. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 सालचे. अशा संस्थेला दाखल नोंदवहीत टिकेल असा जिन्नस हवा. त्यावर उपाय जुनाच आहे. चार पुस्तिका झाल्या की मासिकांच्या अंकांप्रमाणे त्या एकत्र बांधाव्यात आणि मागील पुठ्ठ्याला नकाशांसाठी खिसा करावा. ही बांधणी प्रकाशकानेच वाचनालयांसाठी करून दिली तर उत्तम.

मजकुराबाबत एक पथ्य मात्र पाळावे. शिमग्यात ज्या ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, तिच्या सामर्थ्याचे आकडे मांडणे शोभणार नाही, आणि त्याची गरजही नाही. कशेळी, उक्षी, बारसू येथील कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती कोणी आणि कशासाठी कोरली हे अद्याप निश्चित नाही. निर्वासित थिबा राजा 1886 साली रत्नागिरीत आणला गेला आणि 1916 साली येथेच वारला. त्याचा राजवाडा 1910 साली पुरा झाला. सूत्रधाराला याहून अधिक काय हवे? पहिली पुस्तिका रत्नदुर्गापासून जयगडपर्यंतच्या किनाऱ्याची काढावी. तिचा नकाशा पायी फिरून तपासता येईल आणि चुका दुसऱ्या पुस्तिकेत दुरुस्त करता येतील.