गॅलिलिओच्या हजार वर्षं आधी

पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने दोन गोळे टाकले, ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेलच. (ती खरंच घडली का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे, पण ते असो.) आता हजारभर वर्षं मागे, सहाव्या शतकातल्या अलेक्झांड्रियात चला. इ.स. 517च्या सुमारास जॉन फिलोपोनस हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या ‘फिजिक्स’वर भाष्य लिहीत होता. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने दुप्पट जड वस्तू निम्म्या वेळात पडायला हवी. फिलोपोनस म्हणतो, टाकून बघा. वजनात कितीही पट फरक असो, वेळेतला फरक अगदी थोडा असतो. फेकलेल्या दगडाला पुढे नेते ती हवा नव्हे, तर फेकणाऱ्याने त्याला दिलेला जोर, हेही त्याने मांडलं.

आपल्यासारख्या विज्ञानप्रेमींना खटकेल ते पुढेच आहे. आकाश देवाने निर्माण केलं, म्हणजे ते अनादि नाही. मग तारे वेगळ्या दिव्य द्रव्याचे कशाला, अग्नीचेच का नसावेत? ही शंका श्रद्धेतून आलेली. धर्म आला की विचार थांबतो, असं आपण फार सहज म्हणतो. मीही म्हणायचो.

चर्चने पुढे, 680-81च्या परिषदेत, त्याला पाखंडी ठरवलं. पण भौतिकशास्त्रासाठी नव्हे, देवाच्या त्रैक्याबद्दलच्या मतांसाठी. गॅलिलिओच्या तरुणपणच्या लिखाणात फिलोपोनसचं नाव येतं. माझ्या शाळेच्या पुस्तकांत मात्र ते कधी भेटलं नाही.