मोजणाऱ्या यंत्राची मोजणी

दम्याच्या रोग्याने श्वासाबरोबर ओढलेल्या औषधाचा कण साधारणपणे 1 ते 5 मायक्रोमीटर व्यासाचा असला, तरच तो फुप्फुसातील सूक्ष्म शाखांपर्यंत जाऊन पोहोचतो. त्याहून मोठा असला तर बहुधा घशातच अडकतो, आणि औषध घेऊनही रोग्याचा श्वास मोकळा होत नाही. अशा औषधांची पूड दळताना कणांचा आकार पुष्कळदा लेसर-विवर्तनाच्या यंत्राने तपासतात. हे यंत्र कणाला पट्टी लावीत नाही. कणांनी विखुरलेल्या प्रकाशाच्या रचनेवरून, ते गोल आहेत असे गृहीत धरून, गणिताने त्यांचा व्यास काढते. तेव्हा त्याने दिलेल्या आकड्याची खातरजमा, ज्याचा व्यास अन्य मार्गाने आधीच निश्चित झाला आहे अशा कणावाचून होणार तरी कशी?

सिलिकाचे सूक्ष्म गोल या कामी येतात. अल्कोहोलमध्ये अमोनियाच्या सान्निध्यात टेट्राएथिल सिलिकेटचे जलविघटन करून जवळजवळ एकाच मापाचे गोल घडविण्याची कृती स्टोबर, फिंक आणि बोन यांनी 1968 साली प्रसिद्ध केली. गोलाला सर्व बाजूंनी एकच व्यास असल्यामुळे सूक्ष्मदर्शक, लेसर आणि अवसादन या भिन्न पद्धतींनी एकच उत्तर यावे, अशी रास्त अपेक्षा धरता येते. लांबट किंवा चपट्या कणाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. पॉलिस्टायरीनचे गोलही प्रमाण म्हणून वापरतात. परंतु अनेक सेंद्रिय द्रावकांत ते फुगतात वा विरघळतात, सिलिका मात्र तेथे अविकृत राहते. तिची घनता पाण्याच्या सुमारे दुप्पट असल्याने मोठे गोल तळाशी बसतात, म्हणून त्यांची कुपी नीट ढवळल्यावाचून नमुना घेणे म्हणजे प्रमाणाचाच अवमान होय. अर्थात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ठरविलेला व्यास अखंड दाखल्यांच्या साखळीने मीटरपर्यंत नेऊन भिडविलेला नसेल, आणि त्यासोबत अनिश्चिततेचा आकडा नसेल, तर ती कुपी कितीही महाग असली तरी तिला प्रमाण म्हणता येणार नाही.

यंत्राच्या खरेदीसाठी लाखो रुपये मंजूर करणाऱ्या दप्तरांनी या कुपीचा खर्च फालतू समजून कापू नये. औषध, सिमेंट वा रंग यांचा कणमापन-अहवाल स्वीकारणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने, यंत्राची शेवटची पडताळणी कोणत्या तारखेस आणि कोणत्या प्रमाणित गोलांवर झाली, एवढे लेखी मागावे. आणि तो दाखला हजर होईपर्यंत अहवालावर सही करू नये.