शंका हा भागधारकाचा अपराध नव्हे

कॅनडाच्या शेअरबाजारांत लहान खाणकंपन्यांची एक निराळीच जात आहे. ‘ज्युनियर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपन्यांजवळ बहुधा चालू खाण नसते, उत्पन्नही नसते. असतो तो जमिनीच्या एखाद्या तुकड्यावरील शोधाचा हक्क आणि उद्याची आशा. भूगर्भात छिद्रे घेण्यास पैसा लागतो. तो सरला की नवे शेअर काढावे लागतात आणि जुन्या भागधारकाचा वाटा तेवढा घटतो. अशा अडलेल्या घटकेस कोणी गृहस्थ ‘भांडवल मी उभे करतो’ असे म्हणत पुढे येतात. भागधारकांनी त्यांचा पूर्वेतिहास विचारला की ‘हे कंपनीचे वैरी!’ अशी ओरड सुरू होते. ही ओरड आम्हांस सर्वस्वी अनुचित वाटते.

ब्रे-एक्सचे प्रकरण विसरण्याजोगे नाही. कॅलगरीच्या या कंपनीचे प्रवर्तक डेव्हिड वॉल्श यांनी त्याआधी वैयक्तिक दिवाळखोरी पत्करलेली होती. दिवाळखोरी हा गुन्हा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु तो प्रश्न विचारण्यास पुरेसा आधार खचित होता. इंडोनेशियातील बुसांग येथील सोन्याचा आकडा सुमारे 7 कोटी औंसांपर्यंत फुगला आणि कंपनीचे बाजारमूल्य 600 कोटी कॅनेडियन डॉलरांवर गेले. खडकाच्या नमुन्याचा अर्धा भाग फेरतपासणीसाठी राखण्याची रूढ रीत येथे पाळली गेली नाही. मार्च 1997 मध्ये फ्रीपोर्ट-मॅक्मोरान कंपनीने स्वतः छिद्रे घेतली, तेव्हा नाममात्र सोने सापडले. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचा निर्वाळा मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र संस्थेने दिला. शेअर मातीमोल झाले. बुडालेल्यांत शिक्षकांचा निवृत्तिवेतन निधीही होता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

यानंतर, 2001 साली, कॅनडात कडक नियम आले. खनिजाच्या साठ्याविषयीच्या अहवालास जबाबदार तज्ज्ञाचे नाव आवश्यक ठरले. पण हा नियम खडकाची परीक्षा घेतो, भांडवलदाराच्या थैलीची नव्हे. ती परीक्षा भागधारकानेच घ्यावयाची आहे. पैसा कोठून येणार? यापूर्वीची वचने पाळली काय? शेअर कोणत्या भावाने घेतले, आणि विकण्यास किती काळ बंदी आहे? गणिताच्या वहीत नुसते उत्तर लिहून भागत नाही, रीतही दाखवावी लागते.

मात्र शंका म्हणजे आरोप नव्हे, याचेही भान हवे. ब्रे-एक्स प्रकरणात कोणासही फौजदारी शिक्षा झाली नाही. मुख्य भूवैज्ञानिक जॉन फेल्डरहॉफ 2007 साली निर्दोष ठरले. म्हणून कुजबुजीने कोणाची अब्रू घेणे जितके गैर, तितकेच सरळ प्रश्नाला रागाने उत्तर देणेही गैर. प्रामाणिक मनुष्य कागदपत्रे पुढे ठेवतो. रागावण्याचे त्यास कारणच नसते.

आपल्या देशातही 2023 च्या कायदादुरुस्तीने खोलवरील व महत्त्वाच्या खनिजांच्या शोधासाठी स्वतंत्र परवाना निर्माण झाला आहे. नव्या साहसाचे आम्ही स्वागतच करतो. पण सोने घेताना सराफाच्या शब्दावर न विसंबता ते कसोटीच्या दगडावर घासून पाहणारा आपला समाज आहे. सोने देऊ म्हणणाऱ्या माणसालाही तोच दगड लावावा, इतकेच आमचे सांगणे आहे.