आधी नाडी, मग औषध

(द्वितीय वर्ष, कला)

‘जुने ते सोने’ असे आपण म्हणतो खरे. परंतु संगणकाच्या बाबतीत ही म्हण कोणी मानीत नाही. संगणक मंदावला की दोनच सल्ले मिळतात : ‘भंगारात घाल’ किंवा ‘काहीतरी नवीन बसव’. नवीन काय बसवावे आणि ते का, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. यंदा हा प्रसंग माझ्यावरच आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरचा संगणक एका कार्यालयाने विकायला काढलेला, २०१४ साली तयार झालेला. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. तेव्हा या यंत्राचे कौतुक केवढे! पण यंदा त्याची गत अशी झाली की, बटण दाबून चहा टाकावा, तो पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असावे. इतिहासाचा प्रकल्प टाइप करायचा होता. आईने बचत गटातून तीन हजार रुपये उचलून दिले. ते व्याजासह फेडायचे होते. चुकायला जागा नव्हती.

सल्लागार पुष्कळ भेटले. मावसभाऊ म्हणाला, “ताई, ग्राफिक्स कार्ड घे.” दुकानदार म्हणाले, प्रोसेसर बदला, नाहीतर नवाच संगणक घ्या. मैत्रीण म्हणाली, रॅम वाढव. तिघेही ठामपणे बोलले. पण संगणक चालू करून बघितला कोणीच नाही.

अण्णांना संगणकातले काही कळत नाही. त्यांनी एवढेच विचारले, “अगं, अडतंय कुठं ते बघितलंस का?” विहिरीवरच्या मोटारीने पाणी कमी ओढले की अण्णा नवी मोटार आणायला धावत नाहीत, फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे काय, ते आधी बघतात. मला हा विचार पटला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. कोणता भाग किती राबतो आहे, ते त्यात दिसते. प्रोसेसर जेमतेम १५-२० टक्के राबत होता. रॅम तीन चतुर्थांश भरली होती. हार्ड डिस्क मात्र मिनिटेच्या मिनिटे १०० टक्क्यांवर! बाकी सारे तिची वाट बघत बसले होते.

यामागचे कारण साधे आहे. हार्ड डिस्कमध्ये खरीखुरी तबकडी फिरते, मिनिटाला ७२०० वेळा. म्हणजे एका फेरीला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत थांबणे भाग आणि संगणक सुरू होताना अशा हजारो बारीक फायली वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. माहिती एका मिलिसेकंदाच्याही आत सापडते. शिवाय रॅम अपुरी पडली की संगणक डिस्कचाच आधार घेतो, म्हणजे तिथेही एसएसडीचा उपयोग होतो.

दुसरा मुद्दा पैशाचा. माझ्या संगणकात डीडीआर-३ रॅम लागते. ती उद्याच्या नव्या संगणकाच्या खाचेत बसणार नाही. साटा जोडणीची एसएसडी मात्र पुढच्या डेस्कटॉपवरही चालू शकते. गरिबाने विकत घेताना हाही हिशोब करावा.

तेव्हा माझे मत असे : आधी फुकटचे उपाय करावेत. पंख्यावरची धूळ झाडावी, विनाकारण आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद करावेत, महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. मग डिस्क अडत असेल तर एसएसडी. रॅम सतत काठोकाठ भरत असेल तर रॅम. ग्राफिक्स कार्ड खेळ किंवा चित्रफितींचे काम करणाऱ्यांनी घ्यावे. निबंध टाइप करणारीला त्याचा काय उपयोग?

मी एसएसडी बसवली. आता चहाला आधण येण्याआधी संगणक तयार असतो. सारेच प्रश्न सुटले असे नाही. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि विंडोज ११ च्या यादीत माझा प्रोसेसर नाही. म्हणून सुट्टीत लिनक्स शिकायचे ठरवले आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

जाता जाता एक सांगते. पहिल्या वर्षी मीही वर्गात ‘मंद’ ठरले होते. कोणी शिकवणी सुचवली, कोणी विषय बदलायला सांगितले. एका मॅडमनी मात्र विचारले, “तुझं नक्की अडतं कुठं?” अडत होते एवढेच की गावची पहिली गाडी उशिरा येई आणि माझा पहिला तास रोज बुडे. मॅडमनी त्या तासाच्या वह्या मिळवून दिल्या आणि मी पास झाले. यंत्र असो की माणूस, त्याला टाकाऊ ठरवण्याआधी एवढा एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?